बेस ट्रेनिंगमध्ये वॅट आणि हार्ट रेट जुळेनात: दोष पॉवर मीटरचा की शरीराचा?

सायकलच्या बेस ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हलक्या, लांब राइडने दम वाढवण्याच्या काळात, पॉवर मीटरबद्दलची (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्राबद्दलची) तक्रार साधारण अशी असते. गेल्या आठवड्यात १६५ वॅटवर हार्ट रेट १३४ होता. आज त्याच रस्त्यावर, तसाच वारा असताना, त्याच १६५ वॅटवर तो १४३ दाखवतोय. पुढच्या राइडला उलटंच: १६५ वॅट पायाला हलके वाटतात आणि हार्ट रेट १३० च्या पुढे सरकत नाही. मग ट्रेनरवर (घरात सायकल जागीच चालवायच्या यंत्रावर) बसलं की तेच १६५ पुन्हा जड. मीटर नवा असो की जुना, पेडलमधला असो की क्रँकमधला (पेडल ज्या दांड्याला लागतं त्यातला), बेसच्या काळात हा घोळ एकदा तरी होतोच.

इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग विश्रांती) सुरू झाले की मात्र ही तक्रार बहुधा बंद पडते. तोवर मीटर सुधारलेला नसतो, फक्त त्याची चूक आता मोठ्या आकड्यांत लपते. मीटर ९ वॅट जास्त दाखवत असेल तर ३०० वॅटवर ती चूक ३ टक्के असते आणि कुणाला कळतही नाही. १५० वॅटवर तीच चूक ६ टक्के होते. बेसमध्ये आपण जी प्रगती शोधत असतो, म्हणजे त्याच हार्ट रेटवर ५ ते १० वॅट जास्त, तीसुद्धा नेमकी एवढीच असते. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॅट, २४० असेल तर ५६ ते ७५ टक्क्यांचा झोन टू, म्हणजे बेसचा हलका पट्टा, १३४ ते १८० वॅटचा. या पट्ट्यात १० वॅट इकडे-तिकडे झाले की प्लॅनचा अर्थच बदलतो. म्हणून बेस सुरू होण्याआधी आणि बेस चालू असताना मीटरवर जितकं लक्ष ठेवाल तितकं थोडंच.

आधी बिघाड कोणत्या जातीचा ते पाहा

बॅटरी बदलणं, पेअरिंग तोडून पुन्हा जोडणं, फर्मवेअर अपडेट करणं, हे सगळं एकदम केलं की तक्रार गेली तरी कशाने गेली ते कळत नाही. महिन्याभराने ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याऐवजी राइडची फाइल उघडा आणि फरक कुठे सुरू होतो ते बघा.

फरक पहिल्या पाच मिनिटांपासून आहे आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो? मग सेटिंग, बसवणूक किंवा चुकीचा सोर्स (आकडा भलत्याच उपकरणातून येणं). सुरुवात ठीक आणि मग वॅट व हार्ट रेट हळूहळू एकमेकांपासून लांब जातात? मग एकतर तापमानामुळे झीरो (भार नसतानाचा मीटरचा शून्य) सरकलाय किंवा शरीराचा कार्डिअॅक ड्रिफ्ट (जोर तोच असताना हार्ट रेट हळूहळू चढणं) आहे. ही सगळ्यात फसवी जात, तिच्याबद्दल खाली सविस्तर. आकडा मध्येच शून्यावर जातो किंवा एकदम १४०० वर उडी मारतो? मग सिग्नल, बॅटरी किंवा कॅडन्स (पेडल फिरवण्याचा वेग). आणि फरक फक्त ट्रेनर आणि रस्ता यांच्यातच असेल तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. दोन वेगळी यंत्रं दोन वेगळ्या जागी मोजत असतात, इतकंच.

हळूहळू सरकणारा आकडा

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. मीटरच्या आत धातूला चिकटवलेले स्ट्रेन गेज असतात. धातू किंचित वाकला की त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून टॉर्क काढला जातो. धातू तापमानानेही प्रसरण पावतो, त्यामुळे पेडलवर काहीही भार नसताना मीटरला जो 'शून्य' वाटतो तोच सरकतो. चांगल्या मीटरमध्ये यासाठी तापमान भरपाई असते, पण ती परिपूर्ण नसते आणि तापमान झपाट्याने बदललं तर मागे पडते.

शून्य १ न्यूटन-मीटरने सरकला तर किती फरक पडतो? ९० आरपीएमला (मिनिटाला ९० फेऱ्या) ९.४ वॅट. ६० आरपीएमला ६.३ वॅट, १०० ला १०.५. म्हणजे ही चूक कॅडन्सबरोबर वाढते. तुम्ही जोर किती लावता याच्याशी तिचा संबंध नाही. फक्त डाव्या क्रँकवर मोजणाऱ्या मीटरमध्ये डावीकडचा आकडा दुप्पट केला जातो, त्यामुळे तिथे अर्धा न्यूटन-मीटरही तेवढंच नुकसान करतो.

आता हे राइडमध्ये कसं दिसतं ते पाहू. सायकल घरात उबेत होती, बाहेर थंडी आहे. निघण्याआधी घरातच झीरो केला. वीस मिनिटांत क्रँक गार झाला आणि शून्य खाली सरकला. आता मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतोय. तुम्ही स्क्रीनवर १६५ धरून ठेवायला इमानदारीने थोडं जास्त दाबता, प्रत्यक्षात १७४ निघतात, हार्ट रेट चढतो. घरी येऊन फाइल पाहिली की वाटतं, एरोबिक बेस कच्चा आहे. शून्य वर सरकला तर याच्या उलट, आणि ते जास्त घातक. फिटनेस वाढल्याचा भास होतो आणि प्लॅनमधले आकडे वाढवले जातात.

झीरो ऑफसेट नीट करायची पद्धत:

१. सायकल जिथे चालवणार त्या हवेत १५ ते २० मिनिटं ठेवा. उन्हात तापणाऱ्या भिंतीला टेकवू नका.
२. क्रँक चार-पाच वेळा फिरवून मीटर जागा करा आणि हेड युनिटशी (हँडलबारवरच्या सायकल कॉम्प्युटरशी) जोडला गेलाय ना ते पाहा.
३. सायकल सरळ उभी धरा. पाय पेडलवर नको, हात नको, चेन ताणलेली नको. पेडलला किंवा क्रँकला लटकवलेली चावी किंवा क्लीट कव्हरही नको.
४. क्रँक मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत ठेवा. डाव्या क्रँकच्या बहुतेक मीटरना तो खाली उभा लागतो, पण सगळ्यांना नाही.
५. हेड युनिटवर 'कॅलिब्रेट' दाबा, आलेला आकडा टिपून ठेवा. लगेच पुन्हा एकदा करा.

पाचवी पायरी लोक गाळतात, आणि खरा उपयोग तिचाच. हा आकडा कंपनीप्रमाणे वेगळ्या एककात असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मीटरशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना स्वतःच्या मागच्या आकड्यांशी करायची. लागोपाठ दोनदा केल्यावर आकडा जवळपास तोच यायला हवा. रोज थोडा फिरत असेल तर ते तापमान. एका दिवसात मोठी उडी मारली असेल, तर काहीतरी सैल झालंय, आपटलंय किंवा पाणी आत गेलंय. 'कॅलिब्रेशन यशस्वी' एवढंच वाचून पुढे जाणाऱ्याला ही उडी कधीच दिसत नाही. शिवाय झीरो म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे, हेड युनिटने बटणाला काहीही नाव दिलेलं असो. त्याने फक्त शून्य जागेवर येतो. भाराला मीटर किती प्रतिसाद देतो, म्हणजे त्याचा स्लोप, त्याने तपासला जात नाही.

राइड सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी एकदा थांबून पुन्हा झीरो करा. थंडीच्या दिवसांत तर कराच. तुमच्या मीटरला ऑटो झीरो असेल तर तो नेमका कधी होतो हे मॅन्युअलमध्ये बघा: काहींना उलटं पेडल मारावं लागतं, काही भार नसताना आपोआप करतात. ट्रेनरवर सलग दोन तास पेडल मारत राहिलं तर ऑटो झीरोला संधीच मिळत नाही.

सरकतोय मीटर की शरीर, हे एका थांब्यात कळतं

लांब राइडच्या उत्तरार्धात हार्ट रेट चढू लागला की घरी पोचायची वाट पाहू नका. तिथेच थांबा, झीरो करा आणि सकाळच्या आकड्याशी ताडून बघा. आकडा जागेवर असेल तर मीटर निर्दोष आहे. सरकला असेल तर नव्या शून्यावर दहा मिनिटं त्याच वॅटवर चालवा. हार्ट रेट मूळ जागेकडे परत आला तर दोष मीटरचा होता. थांब्यामुळे हार्ट रेट तसाही खाली येतो, म्हणून पहिली पाच मिनिटं सोडून द्या आणि नंतरची पाच धरा.

घरी डीकपलिंग, म्हणजे राइडच्या दुसऱ्या अर्ध्यात एका ठोक्यामागचे वॅट किती टक्क्यांनी घटले ते, काढताना हेच ध्यानात ठेवा. समजा पहिल्या अर्ध्यात १६० वॅट आणि १३२ ठोके, म्हणजे एका ठोक्यामागे १.२१ वॅट. दुसऱ्या अर्ध्यात १६० आणि १४१, म्हणजे १.१३. फरक ६.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर त्या अंतरासाठी एरोबिक पाया पुरेसा मानतात, म्हणजे इथे 'बेस अजून कमी पडतोय' असं सॉफ्टवेअर सांगणार. पण शून्य अर्ध्या न्यूटन-मीटरने जरी खाली गेला असला, तरी ९० आरपीएमला खरे वॅट जवळपास १६५ होते. मग तेच डीकपलिंग साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतं. थोडक्यात, झीरो न तपासता काढलेल्या डीकपलिंगवरून राइड लांबवायची की नाही हे ठरवू नये.

पहिल्या मिनिटापासून चुकीचा आकडा

इथे कारणं पुष्कळ, पण प्रत्येकाची खूण वेगळी.

आकडा बरोबर निम्मा दिसतोय, १८० च्या जागी ९० च्या आसपास: जोडीच्या पेडलपैकी एक झोपलंय किंवा दुसऱ्याशी तुटलंय. दोन्ही पेडल फिरवा, ॲपमध्ये दोन्हींची बॅटरी दिसते का पाहा, नाहीतर पेडल जोडी पुन्हा लिंक करा. डावे-उजवे ५०-५० असं सलग दोन तास अगदी चोख दिसत असेल तरी संशय घ्या. माणसाचे पाय इतके समान नसतात. बहुधा एकाच बाजूचा आकडा दुप्पट होतोय.

सगळीकडे ठरावीक टक्क्यांनी जास्त किंवा कमी: पेडल मीटर असेल तर क्रँकची लांबी. पेडल बल मोजतं, टॉर्कसाठी त्याला क्रँकची लांबी सांगावी लागते. ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं) हा घोटाळा विशेष होतो, कारण एरो पोझिशनमध्ये (एरोबारवर कोपरं टेकवून पुढे वाकून बसताना) कंबर मोकळी राहावी म्हणून बरेच जण ट्राय बाइकवर १६५ मिलिमीटरचे क्रँक लावतात आणि रोड बाइकवर १७२.५ चे. पेडल एका सायकलवरून काढून दुसरीवर लावली, लांबी मात्र १७२.५ च राहिली, तर मीटर साडेचार टक्के जास्त दाखवणार. खरे १८० वॅट स्क्रीनवर १८८ होतात. लांबी कुठे साठवली जाते हेही बघा. काही पेडलना ॲपमधून द्यावी लागते, काहींना हेड युनिट प्रत्येक वेळी पाठवतं. दुसऱ्या प्रकारात सायकल कॉम्प्युटरमध्ये १६५ आणि मनगटावरच्या घड्याळात १७२.५ असेल, तर शेवटी जो जोडला गेला त्याचं चालतं. फर्मवेअर अपडेटनंतर ही किंमत मूळपदावर गेली नाही ना, ते न चुकता तपासायचं.

पेडल बदलल्यानंतर एक-दोन राइड आकडा डळमळतो: पेडल क्रँकमध्ये नीट बसलेलं नाही. 'हाताला घट्ट लागलं' हे माप नव्हे. टॉर्क रेंच घ्या. पॉवर पेडलना बहुधा ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात, पण नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बसवल्यावर चार-पाच जोरदार स्प्रिंट मारा, पुन्हा रेंच लावा, मग झीरो. विमानप्रवासासाठी पेडल काढली की ही सगळी उस्तवार परत करावी लागते, आणि रेसच्या आदल्या दिवशी ती हटकून राहून जाते.

क्रँकमधल्या मीटरला हीच गोष्ट बोल्टची. शिमानोच्या हॉलोटेक प्रकारच्या डाव्या क्रँकचे दोन पिंच बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरला, आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा नाही. स्पायडरवरच्या (चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी चकती, जिच्यावर बसते त्या भागावरच्या) मीटरमध्ये चेनरिंगचे बोल्ट कमी-जास्त घट्ट असले की मोठ्या रिंगवर एक आणि छोट्या रिंगवर दुसरा आकडा येऊ शकतो. तुमचा घोळ गिअर बदलल्यावरच होतो का, हे एकदा बघा. अंडाकृती चेनरिंग लावली असेल तर मीटर एका फेरीत वेग बदलताना मोजतो की पूर्ण फेरीचा सरासरी वेग धरतो, यावर उत्तर अवलंबून आहे. सरासरी धरणारे मीटर अशा रिंगवर काही टक्के जास्त दाखवतात. ते दुरुस्त होत नाही. तोच आकडा आपला मानायचा, मात्र गोल रिंगवरच्या जुन्या आकड्यांशी ताडायचा नाही.

एकाच पायाचं मोजमाप आणि तीन खेळ

डाव्या क्रँकचा मीटर स्वस्त पडतो आणि बेससाठी तो पुरतोही. पण त्याचा हिशेब समजून घ्या. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल तर मीटर २०० च्या जागी १९२ दाखवतो. हे प्रमाण रोज तेच असतं तर काही बिघडलं नसतं. पंचाईत अशी की थकव्याने, दुखण्याने आणि पोझिशनने ते बदलतं. आदल्या दिवशीच्या लांब रनने डावी पोटरी आखडली असेल तर डावा पाय अंग चोरतो. उजवा भरून काढतो, पण उजव्याचं काम मीटरला दिसत नाही. स्क्रीनवर १६० टिकवायला एकूण १६८ निघतात आणि हार्ट रेट वर. सोमवारची राइड नेहमी जड आणि रविवारी नेहमी लांब रन, असा साचा फाइलमध्ये दिसत असेल तर आधी हे आठवा. अशा दिवशी हार्ट रेट आणि श्वासावर चालवलेलं बरं. नाकाने श्वास जमतोय, पूर्ण वाक्य बोलता येतंय, एवढं पुरे.

ट्रेनर एक सांगतो, पेडल दुसरं

स्मार्ट ट्रेनर मागच्या टोकाला मोजतो, पेडल किंवा क्रँक पुढच्या. मधे चेन, कॅसेट, जॉकी व्हील यांत काही टक्के ऊर्जा घर्षणात जाते. त्यामुळे पेडल १८० दाखवत असताना ट्रेनरने १७४-१७६ दाखवणं अगदी रास्त. दोघांचीही अचूकता अधिक-उणे १ ते २ टक्के असते, तीही यात मिसळते. ट्रेनरच जास्त दाखवत असेल तर मात्र दोघांपैकी एक नक्की चुकतोय. चेन कोरडी आणि घाणेरडी असेल तर दरी आणखी वाढते, म्हणून आधी चेन पुसा.

चाक लावून वापरायच्या ट्रेनरवर टायरमधली हवा आणि रोलरचा दाब रोज तोच हवा, आणि स्पिनडाउन (ट्रेनर वेगात फिरवून सोडून द्यायची कॅलिब्रेशनची चाचणी) १० ते १५ मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर. थंड टायरवर केलेलं स्पिनडाउन टायर तापल्यावर निरुपयोगी. चाक काढून बसवायच्या ट्रेनरना हे कमी वेळा लागतं, मात्र ते हलवले तर पुन्हा करा.

यावर एकच शहाणपणाचा तोडगा आहे: वॅटचा मालक एक ठेवा. सायकलवरचा मीटर हाच खरा, ट्रेनर फक्त ब्रेक. ट्रेनिंग ॲपमध्ये 'पॉवर सोर्स' म्हणून पेडल किंवा क्रँक निवडा आणि पॉवर मॅच चालू करा, म्हणजे ॲप तुमच्या मीटरच्या आकड्यावरून ट्रेनरचा भार लावेल. ट्रेनरच्या आणि मीटरच्या आकड्यांत कायमचा दुरुस्ती-गुणक लावण्याच्या फंदात पडू नका. दोघांतला फरक गिअर, वेग आणि तापमानाप्रमाणे बदलतो.

घड्याळ आणि हेड युनिट दोन्हींना ट्रेनर आणि मीटर असे दोन पॉवर सेन्सर माहीत असतील तर ते कोणता उचलतील याचा भरवसा नाही. सेन्सरच्या यादीत त्यांना ओळखता येईल अशी नावं द्या आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या उपकरणात नको असलेला बंद करा. 'आज सगळंच पाच वॅट कमी' या तक्रारींमधल्या कितीतरी इथेच सुटतात.

आणि घरात पंखा. बंद खोलीत पंख्याशिवाय झोन टू केला की त्वचेकडे जाणारं रक्त वाढतं, घामाने रक्ताचं प्रमाण घटतं, प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त पुढे जातं आणि हार्ट रेट तासाभरात सहज दहाने चढतो. यात मीटरचा काहीही दोष नाही. टेबलावरचा छोटा पंखा चेहऱ्याला बरं वाटण्यापुरता असतो. धडावर जोरदार वारा यायला हवा.

उड्या आणि खड्डे

वॅट शून्यावर जातात पण कॅडन्स चालू असतो, किंवा दोन्ही जातात: आधी बॅटरी. सीआर२०३२ सेल नाममात्र ३ व्होल्टचा. थंडीत त्याचा व्होल्टेज खाली येतो, त्यामुळे घरात 'ओके' दाखवणारा सेल बाहेर मान टाकतो. बेस सुरू करताना चांगल्या कंपनीचा नवा सेल टाका आणि काही महिन्यांनी न विचारता बदला. लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून कडू लेप दिलेले सेल काही मीटरमध्ये संपर्क धरत नाहीत, तसं असेल तर लेप आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा किंवा बिनलेपाचे घ्या. झाकणाची रबर रिंग जागेवर आहे ना ते पाहा. ट्रेनरवर ठिबकणारा घाम पावसापेक्षा वाईट, संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढवतो. प्रेशर वॉशर मीटरपासून दूर ठेवा.

बॅटरी ठीक असेल तर रेडिओचा मार्ग बघा. अँट प्लस (सेन्सर जोडायची ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाणी या लहरी शोषून घेतं. तुमचं शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि एरोबारमधली भरलेली बाटलीही. हेड युनिट बाटलीच्या पुढे असेल तर ते थोडं वर किंवा बाजूला आणून बघा. लॅपटॉपवर अँट प्लसचा यूएसबी डोंगल असेल तर तो एक्स्टेंशन वायरने क्रँकजवळ आणा. यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तो नीट ऐकत नाही. ब्लूटूथवर अनेक मीटर एका वेळी एक-दोनच उपकरणांना जोडतात. खिशातल्या फोनमधलं कंपनीचं ॲप चालू राहिलं तर हेड युनिटला जागाच उरत नाही.

एकदम वर जाणाऱ्या उड्या बहुधा कॅडन्सच्या. ॲक्सेलरोमीटरवर (हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर) कॅडन्स मोजणारा मीटर खडबडीत रस्त्यावर फसतो, ८५ चा १७० करतो, आणि वॅट आपोआप दुप्पट. मॅग्नेटची सोय असेल तर मॅग्नेट लावा.

हेड युनिटची तीन सेटिंग एकदाच तपासून ठेवा: रेकॉर्डिंग दर सेकंदाला, पॉवरची सरासरी शून्यासकट, कॅडन्सची शून्य वगळून. पॉवरमधून शून्य वगळलं तर उतारावरचे फुकटचे मिनिट हिशेबातून गायब होतात आणि सरासरी फुगते. स्क्रीनवर झोन टूसाठी ३ सेकंदांची सरासरी फार नाचरी वाटत असेल तर १० किंवा ३० सेकंदांची लावा. तो आकडा पाठलागासाठी नाही, झोनची वरची कड ओलांडू नये म्हणून.

मीटर निर्दोष निघाला तर

हार्ट रेटच्या बाजूलाही यंत्र असतं हे विसरू नका. मनगटावरचा ऑप्टिकल सेन्सर एरोबार घट्ट धरल्यावर आणि थंडीत चुकतो, कधी कधी कॅडन्सलाच हार्ट रेट समजतो. बेसच्या निष्कर्षांसाठी छातीचा पट्टाच हवा, इलेक्ट्रोड ओले करून.

मग शरीर. पहाटे पूलमध्ये तासभर काढून सायकलवर बसलात, झोप कमी झाली, कॉफी जास्त झाली, पाणी कमी पडलं, तर हार्ट रेट वर जातो. लागोपाठ मोठे आठवडे झाले की उलट होतं: हार्ट रेट चढतच नाही, पाय मात्र शिशासारखे. अशा दिवशी 'कमी हार्ट रेट, म्हणजे फॉर्म' समजून वॅट वाढवणं सगळ्यात महागात पडतं.

एफटीपी कुठून आला तेही विचारा. २० मिनिटांच्या टेस्टचा ९५ टक्के हा हिशेब त्याआधी पाच मिनिटांचा पूर्ण जोराचा तुकडा मारला असेल तरच नीट जमतो. तो गाळला की एफटीपी फुगतो. रॅम्प टेस्टमधला (वॅट टप्प्याटप्प्याने थकेपर्यंत वाढवत नेण्याच्या टेस्टमधला), सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के धरण्याचा नियम ज्यांचे स्प्रिंट जोरदार आहेत त्यांना झेपणार नाही असा आकडा देतो. रोड बाइकवर ताठ बसून केलेली टेस्ट एरो पोझिशनला लावली तर झोन टूची वरची कड प्रत्यक्षात टेम्पो (त्याच्या वरचा जड झोन) होते. जिथे, जसं बसून आणि ज्या मीटरवर सराव, तिथेच टेस्ट.

वजन लटकवून पडताळा

स्लोपवरच संशय असेल तर ही शेवटची तपासणी. ॲपमध्ये स्थिर टॉर्क दिसण्याची सोय असलेल्या मीटरवरच ती जमते.

विश्वासू काट्यावर मोजलेलं २० किलो वजन घ्या, पट्टा धरून. मागचा ब्रेक घट्ट आवळून बांधा, चेन ताणात येऊ द्या, क्रँक पुढच्या बाजूला अगदी आडवा करा. आधी भाराशिवाय आकडा टिपा, मग वजन पेडलच्या दांड्यावर लटकवा, डोलणं थांबलं की वाचा. दोन आकड्यांमधला फरक वजन × ९.८१ × क्रँकची लांबी मीटरमध्ये, इतका यायला हवा. १७० च्या क्रँकला ३३.४ न्यूटन-मीटर, १७२.५ ला ३३.८, १६५ ला ३२.४. क्रँक पाच अंशांनी तिरका राहिला तर ०.४ टक्के चूक होते, म्हणून लेव्हल लावा. दोन्ही बाजूंचा मीटर असेल तर दोन्हीकडे, प्रत्येकी तीनदा. फक्त डाव्या क्रँकचा मीटर असेल तर वजन डावीकडे, आणि ॲप आकडा दुप्पट करून दाखवतं का ते आधी समजून घ्या.

फरक २ टक्क्यांच्या आत असेल तर मीटरला सोडून द्या. त्याहून जास्त आणि तिन्ही वेळा तोच असेल, तर स्लोप बदलायची मुभा असलेल्या मीटरमध्ये तो सुधारता येतो. मुभा नसेल किंवा दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर मीटर कंपनीकडे पाठवायचा. सोबत झीरोच्या नोंदी, तापमान, वजनाच्या चाचणीचे आकडे आणि एक मूळ राइड फाइल द्या. 'आकडे बरोबर वाटत नाहीत' एवढ्यावर कोणतीही सपोर्ट टीम फक्त बॅटरी बदलायला सांगते.

चुकीच्या काळातल्या फाइलींचं काय करायचं? क्रँकच्या लांबीची चूक असेल तर सोपं आहे. ती टक्क्यांत असते, विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फाइल त्या प्रमाणात कमी-जास्त करता येते. १६५ च्या जागी १७२.५ होतं, तर ०.९५७ ने गुणा. झीरोची चूक मात्र अशी सुटत नाही, कारण ती राइडभर बदलत गेलेली असते. त्या राइडचे वॅट काढून टाका, वेळ आणि हार्ट रेट राहू द्या आणि त्या आठवड्यांचा ट्रेनिंग लोड हार्ट रेटवरून मोजा.